आणि, किंवा, नाहीं : डेटाबेसास प्रश्न विचारण्याची रीत

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका शाळेच्या कचेरींत फीमाफीच्या, म्हणजे जुनी मंडळी जिला 'नादारी' म्हणत तिच्या, याद्या करण्याच्या कामीं मदत करीत होतों. त्या वेळीं घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. सर्व विद्यार्थ्यांची माहिती संगणकांत भरलेली होती. ज्यांच्या पालकांचें वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आंत आहे त्यांची एक यादी, आणि ज्यांचें तसें नाहीं त्यांची दुसरी, अशा दोन याद्या मीं काढल्या. याद्या सुबक होत्या. यंत्रानें कोठेंही चूक दाखविली नाहीं. त्या फलकावर लावण्यांत आल्या.

पुढें कांहीं दिवसांनीं एक शेतकरी गृहस्थ कचेरींत आले. टोपी हातांत घेऊन ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, माझ्या मुलीचें नांव फी माफ झालेल्यांत नाहीं आणि माफ न झालेल्यांतही नाहीं. मग ती या शाळेंत आहे तरी का?" मीं दोन्ही याद्या पुन्हां वाचल्या. नांव खरोखरच नव्हतें. हजेरीपटावर मात्र ती रोज हजर होती! चूक सांपडेपर्यंत अर्ज पाठविण्याची मुदत टळून गेली, आणि त्या वर्षाची फी त्या गृहस्थांना भरावी लागली.

चूक यंत्राची नव्हती. मीं जो प्रश्न विचारला होता, त्याचें यंत्रानें अगदीं बरोबर उत्तर दिलें होतें. माझा प्रश्नच मला नीट कळला नव्हता. ती मुलगी कोठें हरवली होती, तें या लेखाच्या उत्तरार्धांत कळून येईल. परंतु तें समजण्यास आधीं डेटाबेस म्हणजे काय, त्याला प्रश्न कसा विचारतात, आणि त्या प्रश्नांत 'आणि', 'किंवा', 'नाहीं' हे तीन लहानसे शब्द केवढें काम करतात, तें पाहिलें पाहिजे.

कोष्टक आणि प्रश्न

शाळेंतील जनरल रजिस्टर तुम्हीं पाहिलें असेल. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी ओळ असते व नांव, जन्मतारीख, गांव इत्यादींचे उभे रकाने असतात. डेटाबेस म्हणजे अशाच कोष्टकांचा संगणकांत ठेवलेला संग्रह होय. त्याला घातलेल्या प्रश्नास 'क्वेरी' म्हणतात, आणि प्रश्न घालण्याच्या सर्वांत प्रचलित भाषेस एस्. क्यू. एल्. असें नांव आहे. या भाषेंत अटी लिहितांना जीं चिन्हें व जे शब्द वापरतात, त्यांना 'ऑपरेटर' ही संज्ञा आहे. बीजगणितांत अधिक व उणें हीं चिन्हें जें काम करतात, तेंच काम येथें हे ऑपरेटर करतात.

अभ्यासासाठीं आठ काल्पनिक विद्यार्थ्यांचें एक लहानसें कोष्टक घेऊं. त्याचें नांव 'विद्यार्थी'. गुण गणिताचे आहेत व उत्पन्न पालकांचें वार्षिक, रुपयांत आहे.

क्र. १ : इयत्ता ९, राहुरी, गुण ७२, उत्पन्न ६०,०००
क्र. २ : इयत्ता ९, पारनेर, गुण ३५, उत्पन्न १,४०,०००
क्र. ३ : इयत्ता १०, राहुरी, गुण ३४, उत्पन्न ९०,०००
क्र. ४ : इयत्ता १०, शेवगांव, गुण ८८, उत्पन्न ४८,०००
क्र. ५ : इयत्ता ९, शेवगांव, गुण ५०, उत्पन्न (रकाना रिकामा)
क्र. ६ : इयत्ता १०, पारनेर, गुण ६५, उत्पन्न २,१०,०००
क्र. ७ : इयत्ता ९, राहुरी, गुण ५०, उत्पन्न १,००,०००
क्र. ८ : इयत्ता १०, शेवगांव, गुण (रकाना रिकामा), उत्पन्न ७५,०००

क्र. ५ च्या पालकांचा उत्पन्नाचा दाखला अद्याप आलेला नाहीं. क्र. ८ हा आजारी असल्यामुळें परीक्षेस बसला नव्हता. हे दोन रिकामे रकाने ध्यानांत ठेवावेत.

आतां साधा प्रश्न असा लिहितात :

सिलेक्ट क्रमांक फ्रॉम विद्यार्थी व्हेअर इयत्ता = ९

याचा अर्थ, 'विद्यार्थी या कोष्टकांतून, ज्यांची इयत्ता नववी आहे, त्यांचे क्रमांक निवडून दे.' उत्तर : १, २, ५, ७. प्रत्यक्ष यंत्रांत हे आज्ञेचे शब्द रोमन लिपींत व अंक इंग्रजी पद्धतीनें लिहावे लागतात. येथें वाचनाच्या सोयीसाठीं ते नागरींत दिले आहेत. 'व्हेअर' या शब्दानंतर जी अट येते, तींतच आपल्या लेखाचा सर्व विषय सांठविलेला आहे. यंत्र एकेक ओळ हातीं घेतें, ती अट तिला लावून पाहतें, आणि अट खरी ठरली तरच ती ओळ उत्तरांत घेतें.

तुलनेचीं चिन्हें

तुलनेचीं चिन्हें सहा : = म्हणजे समान, <> म्हणजे असमान, < म्हणजे कमी, > म्हणजे अधिक, <= म्हणजे कमी किंवा समान, आणि >= म्हणजे अधिक किंवा समान. हीं तुम्हांला गणितांतून परिचित आहेतच. तथापि व्यवहारांतील मराठी आणि हीं चिन्हें यांची सांगड घालतांना सावध राहावें लागतें.

'पन्नासच्या वर गुण मिळविणारे' असें आपण बोलतों, तेव्हां नेमके पन्नास मिळविणारा त्यांत आला कीं नाहीं? बोलणारा कधीं हो म्हणेल, कधीं नाहीं म्हणेल. यंत्राला असा संदिग्धपणा चालत नाहीं. गुण > ५० असें लिहिलें तर १, ४, ६ हे तिघे येतात. गुण >= ५० लिहिलें तर १, ४, ५, ६, ७ असे पांच येतात. एका लहानशा चिन्हामुळें दोन मुलें आंत आलीं किंवा बाहेर गेलीं. म्हणून प्रश्न लिहिण्यापूर्वीं, सीमेवर उभा असलेला मनुष्य आंतला कीं बाहेरचा, हें नियम करणाऱ्यास विचारून घ्यावें.

'बिट्वीन' हा शब्द दोन मर्यादांच्या दरम्यानची निवड करतो. गुण बिट्वीन ३५ अँड ५० या अटीस २, ५, ७ हे तीन विद्यार्थी उतरतात. कारण बिट्वीनमध्यें दोन्हीं टोकें धरलेलीं असतात. आतां कोणी दुसरा गट ५० ते ७५ असा केला, तर त्यांत १, ५, ६, ७ हे चौघे येतील. दोन्ही गटांची बेरीज सात, पण माणसें पांचच! क्र. ५ व ७ दोन्हीकडे मोजले गेले. गुणांचे किंवा वयाचे गट पाडतांना ही चूक फार होते. दुसरा गट ५१ पासून सुरू करावा; आणि गुण अर्धे असूं शकतील तर गुण > ५० अँड गुण <= ७५ असें स्पष्ट लिहावें.

'आणि' व 'किंवा'

या शब्दांना गणिताची शिस्त लावणारा पुरुष म्हणजे जॉर्ज बूल. हा इंग्लंडांतील लिंकन गांवच्या एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. जन्म १८१५. विश्वविद्यालयाची पदवी नसतांना, बहुतेक स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर, तो १८४९ मध्यें आयर्लंडांतील कॉर्क येथें गणिताचा प्राध्यापक झाला. विधानें खरीं किंवा खोटीं असतात, आणि त्यांना जोडणाऱ्या शब्दांचें बीजगणित करतां येतें, असें त्यानें दाखविलें. त्याचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १८५४ सालचा आहे. त्याच्या हयातींत हें शास्त्र कोणाच्या रोजच्या उपयोगी पडेल असें वाटण्याजोगें नव्हतें. आज संगणकाचा सारा व्यवहार त्यावर उभा आहे.

'अँड' म्हणजे आणि : दोन्ही अटी खऱ्या असतील तरच उत्तर खरें. 'ऑर' म्हणजे किंवा : दोहोंपैकीं निदान एक खरी असली तरी पुरे, दोन्ही खऱ्या असल्या तरीही चालतें. यावरून एक सोपा नियम निघतो. 'अँड'नें अट वाढवीत गेल्यास यादी लहान होत जाते किंवा तेवढीच राहते. 'ऑर'नें वाढवीत गेल्यास यादी मोठी होत जाते किंवा तेवढीच राहते.

आतां गंमत पाहा. मुख्याध्यापक म्हणाले, "राहुरीचीं आणि शेवगांवचीं मुलें बोलवा." सांगणें अगदीं शुद्ध मराठी आहे. पण तेंच जसेंच्या तसें लिहून पाहा :

गांव = 'राहुरी' अँड गांव = 'शेवगांव'

उत्तर : एकही नाहीं. कारण यंत्र एकेक ओळ पाहतें, आणि एकाच मुलाचें गांव एकाच वेळीं राहुरी व शेवगांव असूं शकत नाहीं. बोलण्यांतला 'आणि' दोन गट जोडतो. क्वेरींतला 'अँड' एकाच ओळीवर दोन अटी लादतो. मुख्याध्यापकांच्या 'आणि'चें भाषांतर येथें 'ऑर' असेंच केलें पाहिजे. मग १, ३, ४, ५, ७, ८ हे सहाही येतात. हेंच अधिक आटोपशीरपणें गांव इन ('राहुरी', 'शेवगांव') असें लिहितां येतें. 'इन' म्हणजे 'या यादींतील कोणतेंही'. गांवें दहा असलीं म्हणजे याचा फार उपयोग होतो.

आणखी एक चूक नवशिक्यांच्या हातून हमखास होते. ते गांव = 'राहुरी' ऑर 'शेवगांव' असें लिहितात. 'ऑर'च्या दोन्ही बाजूंस पूर्ण अट हवी. नुसतें 'शेवगांव' ही कांहीं अट नव्हे. कांहीं यंत्रणा अशा वेळीं चूक दाखवितात, तर कांहीं निमूटपणें भलताच अर्थ घेऊन उत्तर देतात. पहिल्या प्रकारची यंत्रणा अधिक उपकारक समजावी.

कंसाचें महत्त्व

प्राथमिक शाळेंत तुम्हीं 'कंचेभागुबेव' हें सूत्र पाठ केलें आहे. त्यामुळें २ + ३ × ४ याचें उत्तर २० नव्हे, १४, हें तुम्ही जाणतां. क्वेरींतील शब्दांनाही असाच क्रम आहे : प्रथम कंस, मग 'नॉट', मग 'अँड', आणि सर्वांच्या शेवटीं 'ऑर'. म्हणजे 'अँड'ला गुणाकाराचा मान आणि 'ऑर'ला बेरजेचा.

राहुरी किंवा शेवगांव येथील नववीचे विद्यार्थी हवे आहेत, अशी कल्पना करा. घाईनें लिहिलें :

गांव = 'राहुरी' ऑर गांव = 'शेवगांव' अँड इयत्ता = ९

उत्तर येतें १, ३, ५, ७. यांत क्र. ३ हा दहावीचा विद्यार्थी शिरला आहे! यंत्रानें 'अँड' आधीं सोडविला, म्हणजे 'शेवगांवचे नववींतले' असा एक गट केला, आणि 'राहुरीचे कोणत्याही इयत्तेचे' हा दुसरा. योग्य लेखन असें :

(गांव = 'राहुरी' ऑर गांव = 'शेवगांव') अँड इयत्ता = ९

उत्तर : १, ५, ७. आठ ओळींच्या कोष्टकांत घुसखोर लगेच दिसतो; आठ हजार ओळींत तो दिसणार नाहीं. म्हणून 'अँड' व 'ऑर' एकाच अटींत आले कीं, गरज असो वा नसो, कंस घालावा. कंस फुकट मिळतो, आणि वाचणाऱ्यालाही आपला हेतु कळतो.

नकाराचें कोडें

'नॉट' हा शब्द खऱ्याचें खोटें व खोट्याचें खरें करतो. एकटा असतां तो सरळ आहे. पण 'किंवा'च्या संगतींत तो फसवितो. राहुरीचीही नकोत आणि पारनेरचीही नकोत, अशीं मुलें पाहिजेत. पुष्कळ जण असें लिहितात :

गांव <> 'राहुरी' ऑर गांव <> 'पारनेर'

उत्तर : आठही! कारण राहुरीचा मुलगा पारनेरचा नसतो, म्हणून दुसरी अट त्याला आंत घेते. पारनेरचा मुलगा राहुरीचा नसतो, म्हणून पहिली अट त्याला आंत घेते. जी अट कोणालाच अडवीत नाहीं, ती अट कसली? येथें 'ऑर'च्या जागीं 'अँड' हवा, किंवा सरळ नॉट (गांव = 'राहुरी' ऑर गांव = 'पारनेर') असें लिहावें. मग ४, ५, ८ हें योग्य उत्तर येतें.

कंसाबाहेरचा नकार आंत नेतांना 'किंवा'चा 'आणि' होतो आणि 'आणि'चा 'किंवा' होतो. या नियमास डी मॉर्गन याचें नांव दिलेलें आहे. ऑगस्टस डी मॉर्गन हा बूलचा समकालीन इंग्रज गणिती. त्याचा जन्म १८०६ मध्यें आपल्याच देशांत, मदुरै येथें, झाला होता. घरच्या भाषेंत सांगावयाचें तर, 'चहा किंवा कॉफी नको' म्हणजे 'चहा नको आणि कॉफीही नको'.

अर्धवट ठाऊक असलेलें नांव

नांवाचा थोडाच भाग ठाऊक असेल तेव्हां 'लाइक' हा शब्द कामीं येतो. त्यांत % हें चिन्ह 'येथें कितीही अक्षरें, किंवा एकही नाहीं' असें सांगतें, आणि _ हें चिन्ह 'येथें नेमकें एक' असें सांगतें. गांव लाइक 'शेव%' म्हणजे 'शेव'नें सुरू होणारीं सर्व गांवें.

मराठी माहितीच्या बाबतींत याचें महत्त्व विशेष आहे. प्रस्तुत लेखक जुन्या वळणाचा असल्यामुळें 'शेवगांव' असें अनुस्वारानें लिहितो; १९६२ मध्यें शुद्धलेखनाचे नवे नियम आल्यापासून 'शेवगाव' असें लिहितात. आपल्या डोळ्यांस दोन्ही एकच; '=' या चिन्हास मात्र तीं दोन निराळीं गांवें आहेत. एका कारकुनानें अनुस्वार दिला व दुसऱ्यानें दिला नाहीं, तर निम्मा गांव यादींतून गळतो. अशा वेळीं 'शेवग%' असें विचारल्यास दोन्ही सांपडतात.

_ या चिन्हाविषयींही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'पारनेर' यांत आपण चार अक्षरें मोजतों. परंतु संगणकांत काना, मात्रा व अनुस्वार हीं स्वतंत्र चिन्हें म्हणून सांठविलेलीं असतात. प, काना, र, न, मात्रा, र अशीं तीं सहा होतात. म्हणून बहुतेक यंत्रणांत या नांवासाठीं चार नव्हे, तर सहा _ द्यावे लागतात.

ती मुलगी कोठें गेली?

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. फीमाफीची मर्यादा उदाहरणापुरती एक लाख रुपये धरा. पहिला प्रश्न : उत्पन्न <= १००००० . उत्तर : १, ३, ४, ७, ८, म्हणजे पांच जण. दुसरा प्रश्न : नॉट (उत्पन्न <= १०००००) . उत्तर : २, ६, म्हणजे दोन जण. पांच आणि दोन मिळून सात. आठवा कोठें आहे?

तो क्र. ५ होय, ज्याच्या उत्पन्नाचा रकाना रिकामा आहे. डेटाबेसांत रिकाम्या जागेस 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'ठाऊक नाहीं'. आतां यंत्राच्या जागीं स्वतःस कल्पून पाहा. 'क्र. ५ चें उत्पन्न एक लाखाच्या आंत आहे काय?' प्रामाणिक उत्तर एकच : ठाऊक नाहीं. 'बरें, मग तें एक लाखाच्या आंत नाहीं काय?' पुन्हां तेंच : ठाऊक नाहीं. बूलच्या गणितांत खरें व खोटें अशा दोनच किंमती होत्या; येथें 'अज्ञात' ही तिसरी किंमत आली. आणि 'व्हेअर' हा दारवान तर फक्त 'खरें' असलेल्यालाच आंत सोडतो. अज्ञात उलटें केलें तरी अज्ञातच राहतें. म्हणून ती ओळ दोन्ही दारांवरून परत गेली. माझ्या यादीबाहेर राहिलेल्या मुलीचाही उत्पन्नाचा दाखला यावयाचा होता, आणि तिचा रकाना रिकामा होता.

अज्ञाताचा हिशेब तर्काला धरूनच असतो. क्र. ५ साठीं इयत्ता = १० अँड उत्पन्न <= १००००० ही अट खोटी ठरते; कारण पहिली बाजू खोटी असल्यावर उत्पन्न कांहींही असो, फरक पडत नाहीं. इयत्ता = ९ ऑर उत्पन्न <= १००००० ही अट त्याच कारणानें खरी ठरते. मात्र इयत्ता = ९ अँड उत्पन्न <= १००००० येथें सारा निकाल उत्पन्नावरच अवलंबून असल्यामुळें उत्तर अज्ञात राहतें.

रिकामे रकाने शोधण्यासाठीं उत्पन्न = नल असें लिहून चालत नाहीं; 'अज्ञाताशीं समान आहे का' याचेंही उत्तर अज्ञातच! त्यासाठीं 'इज नल' असा स्वतंत्र प्रयोग आहे. उत्पन्न इज नल असें विचारतांच क्र. ५ समोर येतो. मीं ही तिसरी यादी काढली असती, तर त्या गृहस्थांना वेळींच निरोप गेला असता. 'नॉट इन'पुढील यादींत एखादा नल आला, तर उत्तरांत एकही ओळ येत नाहीं. कारण 'या अज्ञातापेक्षां हा निराळा आहे' अशी खात्री कोणाविषयींच देतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, रिकाम्या जागीं शून्य भरून टाकावें म्हणजे झालें. तसें करूं नये. क्र. ८ च्या गुणांकडे पाहा. गुण < ३५ या अटीस आज एकटा क्र. ३ उतरतो. क्र. ८ पुढें शून्य लिहिलें, तर आजारी मुलगा नापास ठरेल. सरासरीही बिघडेल : सात जणांच्या गुणांची बेरीज ३९४, म्हणून सरासरी सुमारें ५६.३, यंत्र नल सोडून देऊन हीच सरासरी सांगतें. शून्य भरलें तर ती आठांवर विभागून ४९.२५ होते. जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असेंच लिहून ठेवणें, हेंच खरें हिशेबनीस माणसाचें काम.

थोडा इतिहास आणि थोडी सावधगिरी

माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें मांडावी, व ती यंत्रांत कोठें सांठविली आहे याची चिंता न करतां तिला प्रश्न विचारतां यावेत, हा सिद्धान्त एडगर कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें १९७० मध्यें प्रसिद्ध केला. तो त्या वेळीं अमेरिकेंत आय. बी. एम्. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत होता. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ मध्यें या कल्पनेवर आधारलेली प्रश्नभाषा मांडली. तिचें मूळ नांव 'सीक्वेल'. तें पुढें एस्. क्यू. एल्. झालें. १९८६ मध्यें तिला अमेरिकेंत व १९८७ मध्यें जागतिक संस्थेकडून प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला.

या भाषेंत नुसतें विचारतांच येतें असें नाहीं; माहिती बदलण्याची व पुसण्याचीही आज्ञा देतां येते, आणि तेथेंही हेच ऑपरेटर लागतात. 'डिलीट' या आज्ञेंत 'व्हेअर' लिहावयाचें राहिलें, तर यंत्र तक्रार न करतां सर्व ओळी पुसतें. म्हणून बदलण्यापूर्वीं किंवा पुसण्यापूर्वीं तीच अट 'सिलेक्ट'ला लावून, कोणत्या ओळी सांपडतात तें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

दुसरी सावधगिरी याहूनही सोपी आहे. एका कोष्टकाच्या दोन किंवा तीन याद्या पाडल्या कीं त्यांची बेरीज करावी, आणि ती एकूण संख्येशीं जुळते कीं नाहीं हें पाहावें. पांच आणि दोन मिळून आठ होत नाहींत, हें पहिलींतल्या मुलालाही कळतें. मला त्या दिवशीं तें सुचलें नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. आज शिष्यवृत्ति, शिधापत्रिका, मतदारयादी इत्यादि पुष्कळ याद्या अशाच प्रश्नांनीं निघतात. आपलें नांव यादींत नसल्यास 'यंत्र म्हणतें म्हणजे खरेंच' असें मानून परत फिरूं नये. 'प्रश्न काय विचारला होता? माझा एखादा रकाना रिकामा आहे काय?' एवढें अवश्य विचारावें. त्या शेतकरी गृहस्थांनीं विचारलें, म्हणून पुढच्या वर्षापासून आमची तिसरी यादी निघूं लागली, आणि त्यांच्या मुलीची फी त्या वर्षीं माफ झाली.

अभ्यास

वरील कोष्टकावरून उत्तरें काढा. मग शेवटीं ताडून पाहा.

१. इयत्ता = १० अँड गुण >= ६५
२. गांव = 'पारनेर' ऑर इयत्ता = ९ अँड गुण >= ५०
३. (गांव = 'पारनेर' ऑर इयत्ता = ९) अँड गुण >= ५०
४. नॉट (गुण >= ३५)
५. गुण इज नल ऑर उत्पन्न इज नल

उत्तरें : (१) ४, ६. (२) १, २, ५, ६, ७. (३) १, ५, ६, ७. कंसामुळें कोण बाहेर गेला व कां, हें वहींत लिहा. (४) फक्त ३, क्र. ८ कां आला नाहीं, हें आपल्या घरच्यांना समजावून सांगा. (५) ५, ८.